एकेचाळीस बांधांची सायकल

(केज. बसस्टँडामागचं सायकलचं दुकान, मे महिन्यातली दुपार. दुकानदार वैजिनाथ, ज्याला सगळे आप्पा म्हणतात, गिऱ्हाईक रामकिसन, आणि त्याला दादा म्हणणारी, शाळेत शिकवणारी त्याची लेक शिवकन्या.)

वैजिनाथ : ही घ्या की मग. मागं-पुढं दोन्हीकडं शॉकअप. दगडावरून घाला न्हाईतर खड्ड्यातून, बूड हलायचं न्हाई.

रामकिसन : बुडाचं सोडा. हिला कॅरिअर कुठं बसवू?

वैजिनाथ : कॅरिअर? मागं शॉकअप हाय ना भाऊ, कॅरिअर कसं बसंल? असल्या सायकलीला कुणी कॅरिअर लावतं व्हय!

रामकिसन : मग ठिवा तिकडं. मला वझं न्यायचंय.

शिवकन्या : कसलं ओझं, दादा? कपिलधारला दर्शनाला निघालेल्या माणसाला एक टॉवेल अन् एक धोतर लागतं.

वैजिनाथ : कपिलधारला? सायकलवर? अवो मांजरसुंब्यापस्तोर यष्टी हाय, तिथून जीप हाय. खामखा तकलीफ कावून?

रामकिसन : नऊ दिवस लागत्याल मला. तेवढं धरून सायकल दाखवा.

शिवकन्या : ऐकलं का आप्पा? नऊ दिवस! घरी आईला सांगितलं कपिलधार. सकाळी माळ्यावरून ताडपत्री काढली, गोधडी काढली, पाण्याचे दोन कॅन काढले. मी शाळेतून निघाले ती थेट मागं मागं आले यांच्या. नऊ दिवस कुठं जायचंय ते सांगा, मग सायकल घ्या.

रामकिसन : तू घरी जा पोरी. ऊन हाय.

शिवकन्या : ऊन तुम्हाला नाही का? डॉक्टरनं सांगितलंय, गुडघ्याच्या वाट्या झिजल्यात.

रामकिसन : चालू नका म्हणला. सायकल चालवू नका म्हणला न्हाई.

वैजिनाथ : भांडू नका, बसा दोघं बी. भाऊ, वाट कसली हाय? डांबरी, खडीची, का पायवाट?

रामकिसन : डांबरी थोडी. बाकी समदी डोंगराची. मांजरसुंब्याच्या वरल्या अंगाच्या वाड्या, वस्त्या. बैलगाडीची चाकोरी असंल तर असंल, न्हाईतर बांध.

वैजिनाथ : अन् वझं?

रामकिसन : अंथरूण, पीठ-मीठ, कागदाचं एक दप्तर. अन् पाणी धा लिटर.

वैजिनाथ : धा लिटर! वाटंत गावं हायती की.

रामकिसन : गावं हायती, पाणी कुठंय? टँकरमागं बाया पळत्यात. असल्या दिवसात दुसऱ्याच्या दारात तांब्या मागायचा न्हाई आप्पा. ज्याच्या दारात जायचंय त्याच्या दारात तर मुळीच न्हाई.

वैजिनाथ : हे पटलं. अवो, सहा महिने झाले, माझ्या दुकानात सायकल कुणी इकत घेतली न्हाई. घागरी अडकवायचे हूक तेवढे खपत्यात. तुमी पहिलं गिऱ्हाईक. मग बघा, ही करडी. लोखंडी हाय, जरा जड, पण मोडली तर कुठल्या बी गावात वेल्डिंग करून मिळंल. पुढं शॉकअप न्हाई, म्हंजी चढावर जोर वाया जायचा न्हाई. मागं कॅरिअरचे बोल्ट लावायला कान हायती, पुढं बी हायती.

रामकिसन : हां. आता जमलं. टायर?

वैजिनाथ : दोन इंचाच्या वर हाय. जाड.

रामकिसन : काट्याचं काय? बाभळीचा काटा टायर बघत न्हाई जाड का बारीक.

वैजिनाथ : ट्यूबमंदी चीक भरून देतो. काटा घुसला की आतून आपोआप भोक बुजतं. तरी दोन ट्यूबा जादा ठिवा. अन् ह्या मधल्या तिकोनात मी कापडाची पिशवी शिवून देतो, पाणी तिथं. वझं जेवढं खाली अन् मधी, तेवढी सायकल ताब्यात. समदं कॅरिअरवर लादलं तर चढाला पुढलं चाक उचलतं.

रामकिसन : ती उंचीनं मोठी द्या. माझी कारखान्याची सायकल चोवीस इंची व्हती.

वैजिनाथ : उंच सायकल म्हंजी मोठा माणूस, हा जुन्या लोकांचा समज. दांडीच्या दोन्हीकडं पाय टाकून हुबं ऱ्हावा. दोन बोटं जागा पायजे. हां, बघा, न्हाई. टेकलं. डोंगरात एकदम थांबायची येळ आली तर वझ्यासकट आडवे व्हाल. ही एक नंबर लहान घ्या, बसा हिच्यावर.

शिवकन्या : आप्पा, तुम्ही मापं कसली काढताय? मी जाऊ देणार नाही म्हणते ना! चौसष्ट वर्षांचा माणूस एकटा डोंगरात झोपणार? काही झालं तर फोनला रेंज तरी आहे का तिथं? मोटारसायकलवर न्या म्हटलं जावयाला, तर नको. शेजारच्या सुग्रीवची जीप सांगते म्हटलं, तर नको.

रामकिसन : मोटारसायकल, जीप, दोन्ही रस्त्यानं जात्यात. रस्त्यावरनं बघून यायचं काम न्हाई हे. बांधावर जायाचंय.

शिवकन्या : कुणाच्या बांधावर?

रामकिसन : सभासदांच्या.

वैजिनाथ : साखर कारखान्याच्या?

रामकिसन : व्हय. गेटला यादी लागली ना, अक्रियाशील सभासदांची. ज्यांनी पंधरा ते वीस ह्या पाच वर्षांत एकदाबी ऊस घातला न्हाई त्यांची. कारखाना खाजगी कंपनीला द्यायचा का ठिवायचा, त्याचं मतदान हाय पुढच्या महिन्यात. यादीतल्या माणसाला मत न्हाई. हरकत घ्यायला वीस तारीख शेवटची. आज धा. माझ्या गटातली एकेचाळीस नावं हायती त्याच्यात.

वैजिनाथ : अन् तुमी त्यांच्या हरकती गोळा करायला निघालाव? ह्या वयात?

रामकिसन : सह्या, अंगठे घेऊन एकोणीसपस्तोर माघारी यायचं, वीसला जमा करायचं. यातली निम्मी माणसं सत्तरीच्या फुडं हायती. यष्टीला बी येत न्हाईत. त्यांच्याकडं कुणी गेलं न्हाई तर ती गेली यादीतून, कायमची.

वैजिनाथ : भाऊ! अवो मग आधी बोलायचं न्हाई का? ऐक गं शिवकन्या, कारखान्यात संचालक एकवीस, बोलत कुणी न्हाई. अन् हा तुझा बाप, नोकरी संपून सहा वर्षं झालेला चिटबॉय, हा निघाला! बाकी समदे चिटबॉय झाडाखाली बसून नोंदी करायचे, पण हा माणूस तीस वर्षं रानारानात जाऊन ऊस मोजायचा, नोंद करायचा, मग तोडीची चिठ्ठी द्यायचा.

शिवकन्या : ते मला माहिती आहे आप्पा. शाळेत पोरांना मीच सांगते, कामाची निष्ठा बघायची तर आमच्या दादांची बघा. पण मग दादा, हे लपवायचं कशाला? आईला कपिलधार, मला ऊन. चांगलं काम आहे तर तोंडावर सांगायचं.

रामकिसन : ऱ्हाऊ दे आता.

वैजिनाथ : सभासदांत आमची आई बी हाय. शांतादेवी. तुमच्या यादीत असंल बघा तिचं नाव.

रामकिसन : हाय. सातवं.

वैजिनाथ : सातवं! मग तिच्याकडनंच सुरुवात करा. वाडीवरच असती ती, केजात माझ्याकडं ऱ्हायला येत न्हाई. अन् ऐका, सायकलचं काम आज समदं मी करून देतो. कॅरिअर, पिशव्या, घंटी. दप्तर आणा हिकडं, कुठं बसतं बघू. पोरी, दे ते.

शिवकन्या : जड आहे हो. काय भरलंय एवढं? एकेचाळीस अर्ज अन्... हे काय, प्रत्येकाला एक जोडपत्र? दादा, हे तुमच्या हातचं आहे.

रामकिसन : ठिव ते. ठिव म्हणलं ना!

शिवकन्या : "मी, रामकिसन, माजी चिटबॉय, लिहून देतो की सन दोन हजार पंधरा-सोळाच्या हंगामात सदर सभासदाच्या शेतात मी प्रत्यक्ष..."

वैजिनाथ : प्रत्यक्ष काय? वाच की.

शिवकन्या : अक्षर लागत नाही.

वैजिनाथ : बापाचं अक्षर लेकीला लागंना? अख्ख्या तालुक्याला लागतं.

शिवकन्या : आप्पा, सायकलचं बघा तुम्ही. आपण नंतर...

रामकिसन : वाच, पोरी. मी तासभर टायरवर बोलत बसलोय, माझ्याच्यानं तोंड उघडंना. तू वाच.

शिवकन्या : "...प्रत्यक्ष गेलो नाही. ऊस उभा होता किंवा कसे, हे पाहिले नाही. न पाहता 'निरंक' असा शेरा मारला. चूक माझी आहे, सभासदाची नाही."

वैजिनाथ : निरंक म्हंजी?

रामकिसन : ऊस न्हाई, म्हून.

वैजिनाथ : कुणाच्या रानात न्हाई?

रामकिसन : एकेचाळीसांच्या. तुमच्या आईच्या बी.

वैजिनाथ : आईच्या रानात ऊस व्हता. वीस गुंठे. ठिबकवर जगवला व्हता तिनं, टँकर घेऊन. माझ्या डोळ्यानं बघितलाय मी.

रामकिसन : मी न्हाई बघितला.

वैजिनाथ : तुमी कुठं व्हता?

रामकिसन : मांजरसुंब्याच्या ढाब्यावर. दुष्काळ तुमाला ठाऊक हाय. पाच गावं फिरलो, पाची रिकामी. फुफाटा नुस्ता. तीनदा पंक्चर झाली, प्यायला पाणी मिळंना. मंग म्हणलं, हितं न्हाई तर वर डोंगरात कुठनं असणार ऊस? ढाब्याच्या बाजंवर बसलो, नोंदवही काढली अन् लिवत गेलो. निरंक, निरंक, निरंक. दोन दिवसात गट संपवला. साहेबानं पाठ थोपटली, लवकर झालं म्हून.

शिवकन्या : दादा!

रामकिसन : आयुष्यात तेवढं एकदाच. पर एकदाच का हुईना, केलं.

वैजिनाथ : आई चिठ्ठीची वाट बघत बसली व्हती. आज तोडीची टोळी यील, उद्या टोळी यील. फाल्गुन गेला. ऊस हुबा वाळला. शेवटी चारा छावणीला घातला, जनावरं तरी खातील म्हून. रडली न्हाई ती तवा. शेअरचा दाखला देवापशी लावलेला, तो काढून पेटीत टाकला.

रामकिसन : मला कळलं न्हाई आप्पा तवा. एका हंगामाचं नुकसान झालं असंल, एवढंच वाटलं. नियम पाच वर्षांचा लागंल, बाकीची चार वर्षं पाण्याबिगर ऊस लागायचा न्हाई, अन् तेवढ्या एका शेऱ्यावर माणसाचं नावच जाईल, हे गेल्या महिन्यात गेटवर यादी वाचली तवा समजलं. शेऱ्याच्या रकान्यात लिवलंय, "चिटबॉय अहवालानुसार". एकेचाळीस येळा.

वैजिनाथ : उतर.

रामकिसन : आप्पा...

वैजिनाथ : सायकलवरनं उतर. आत्ताच्या आत्ता उतर. तुला ठाऊक हाय तू काय केलंस? ऊस गेला, जाऊ दे. मत गेलं, जाऊ दे. माझा मामा मन्मथप्पा तवा संचालक व्हता. आमी त्याच्या पॅनलला मत दिलं न्हाई. आईला वाटलं, त्याचा राग धरून सख्ख्या भावानं तिची नोंद दाबली. बोलणं बंद. पंचमीला माहेरचं बोलावणं, मूळ बंद. भाऊबीज बंद. चार वर्षं!

रामकिसन : हे मला ठाऊक न्हवतं.

वैजिनाथ : अन् मामा मेला. दोन वर्षं झाली. आई त्याच्या मातीला गेली न्हाई. दारात बसून ऱ्हायली. मयताची जीप आमच्या वाडीवरनं गेली, तर पदर तोंडावर घेतला, पर उठली न्हाई. त्याचं काय लिवतोस तुझ्या कागदात? त्याला बी निरंक लिव!

शिवकन्या : आप्पा, त्यांना अरे-तुरे करू नका.

वैजिनाथ : मग काय आरती ओवाळू? केजात दुसरं दुकान न्हवतं तुमाला? माझ्याकडंच यायचं?

रामकिसन : दुकानं हायती. तुमाला न सांगता तुमच्या आईच्या दारात गेलो असतो तर ती बी चोरीच झाली असती. म्हून हितं आलो. अन् आल्यावर फाटली.

वैजिनाथ : जावा. दुसरीकडनं घ्या सायकल. माझ्या सायकलवर बसून माझ्याच आईच्या जखमेवर मीठ चोळायला जायचं? मी देत न्हाई.

रामकिसन : बरं. चल पोरी.

शिवकन्या : थांबा दादा. आप्पा, मघापासून मी यांच्या गुडघ्यांसाठी भांडत होते. लाज वाटतेय आता मला. इतक्या वर्षांत किती पोरांना सांगितलं असेल मी, आमचे दादा बांधावर जाऊन बघितल्याशिवाय लिहीत नाहीत म्हणून. त्या पोरांना काय तोंड दाखवू? तर आता मीच म्हणते, दादा, गुडघे मोडले तरी जा. आप्पा, तुम्ही सायकल नका देऊ. माझी लेडीज सायकल आहे घरी, ती नेतील. ती मोडली तर पायी जातील. पण दहा दिवसांतला अर्धा दिवस इथंच गेला. त्या एकेचाळिसांत तुमची आई एकटी नाही.

वैजिनाथ : लेडीज सायकल डोंगरात? पहिल्या उतारालाच ब्रेक जात्याल. मारायचं का बापाला?

शिवकन्या : मग सांगा काय करू.

वैजिनाथ : मला काय इचारती! भाऊ, समजा तुमी गेला वाडीवर. काय सांगणार आईला?

रामकिसन : कागदात हाय तेच.

वैजिनाथ : अन् ती म्हणली, मत चुलीत घाल, माझा भाऊ आण, तर?

रामकिसन : मान खाली घालून ऐकीन. दुसरं काय करणार? पाया पडावं म्हणलं तरी, पाया पडून काय मेलेला माणूस येतो?

वैजिनाथ : ती लई बोलंल.

रामकिसन : बोलू द्या.

वैजिनाथ : ती काठी टाकंल अंगावर.

रामकिसन : टाकू द्या.

वैजिनाथ : बसा. बसा म्हणतो ना सीटवर. सीट एक बोट वर घेतो. पाय खाली गेला की गुडघा जरासा वाकलेला ऱ्हायला पायजे, सरळ झाला तर मांडी दुखती, लई वाकला तर वाटी जाती. हां, असा.

शिवकन्या : आप्पा...

वैजिनाथ : तू बोलू नको. तो पाना दे तिथला. भाऊ, एक गोष्ट करायची. तिथं गेल्यावर सभासदाचं, मताचं, कारखान्याचं आधी काढायचं न्हाई. आधी मामाचं सांगायचं. मन्मथप्पानं काही केलं न्हाई, त्याला ह्यातलं काही ठाऊक बी न्हवतं. हे आधी. बाकीचं मागून.

रामकिसन : तुमीच सांगा की. ल्योक हाव तुमी. तुमच्या तोंडनं बरं वाटंल तिला. मी परका.

वैजिनाथ : मी कसा सांगू?

रामकिसन : कावून?

वैजिनाथ : आईला वाटलं असं म्हणलो मघाशी. तिला न्हाई वाटलं. मी सांगितलं तिला.

शिवकन्या : काय सांगितलं?

वैजिनाथ : मामानं नोंद दाबली म्हून. ती म्हणायची, माझा भाऊ असं करायचा न्हाई, तू जाऊन इचार. मी म्हणलो, इचारायचं काय त्यात, दुसरं कोण करणार? तिनं महिनाभर धोसरा लावला, जाऊन इचार, जाऊन इचार. शेवटी मी खोटंच सांगितलं, इचारून आलो, मामा कबूल झाला. त्या वर्षी पंचमीला तो स्वतः मूळ घेऊन आला तर मी दारातनंच परत लावला. ती आत जात्यावर बसली व्हती.

शिवकन्या : अगं बाई! अन् कधी गेला नाहीत त्यांच्याकडं?

वैजिनाथ : पाच किलोमीटरवर घर व्हतं त्याचं. सायकलचं दुकान चालवतो मी.

रामकिसन : आप्पा. संगं चला मग.

वैजिनाथ : न्हाई. मला न्हाई जमायचं.

रामकिसन : मी माझं सांगतो, तुमी तुमचं सांगा.

वैजिनाथ : दुकान उघडं हाय. गिऱ्हाईक येतं.

शिवकन्या : हूक घ्यायला येतं ना? ते मी देते. उद्यापासून शाळेला सुट्टीच आहे. नऊ दिवस नका जाऊ, तुमच्या वाडीपर्यंत जा अन् संध्याकाळी परत या. ती दुसरी काढा, मघाशी दादांना मोठी झाली ती. तुम्ही उंच आहात.

वैजिनाथ : वझं न्हाई माझ्याकडं. सवय बी न्हाई.

रामकिसन : एक पाण्याचा कॅन घ्या माझ्यातला. पाच लिटर.

वैजिनाथ : पहाटं निघावं लागंल. उन्हाच्या आत वाडी गाठली पायजे. अन् तुमच्या पुढल्या चाकातली हवा जरा कमी करतो, गच्च भरली की दगडावरनं चाक उडतं.

रामकिसन : करा.

वैजिनाथ : भाऊ, काय म्हणंल हो आई?

रामकिसन : मला काय ठाऊक? गेल्याबिगर कसं सांगू.